अतिथी-यजमान संबंध : एक चिकित्सक अभ्यास

पीएच.डी.चा विषय निवडताना माझी अपेक्षा माफक होती. वाचायला मजा यावी, एवढीच. आमच्या विनोदी लेखकांना पाहुण्याचा भारी सोस, म्हणून मी मार्गदर्शकांना सुचवलं, "सर, 'मराठी विनोदातला पाहुणा' घेऊ या का?" सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "दिवाळी अंकाला छान आहे."

समितीपुढे गेल्यावर पाहुण्याचा 'अतिथी' झाला. एका तज्ज्ञांना अतिथी एकटा वाटला, म्हणून त्यांनी यजमान जोडून दिला. दुसऱ्यांना कालखंड हवा होता. तिसऱ्यांना जेवायला जायची घाई होती, तरी काहीतरी बोललंच पाहिजे म्हणून त्यांनी 'चित्रण' घातलं. बाहेर आलो तेव्हा माझ्या हातात 'मराठी विनोदी गद्यातील अतिथी-यजमान संबंधांचे चित्रण : एक चिकित्सक अभ्यास (1902 ते 1958)' असा ऐवज होता. 1902 साली श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा 'साक्षीदार' 'विविधज्ञानविस्तारा'त आला आणि 1958 साली 'बटाट्याची चाळ' पुस्तकरूपात. मधल्या काळात महाराष्ट्र पोट धरधरून हसला. त्या हसण्याचं वर्गीकरण करायचं काम आता माझ्याकडे आलं होतं.

विनोदावरच्या प्रबंधात हसायची सोय नसते, हे मला फार उशिरा कळलं. चिं. वि. जोशींचा एखादा प्रसंग वाचून आपण खुर्चीवरून खाली यावं, आणि मग उठून, कपडे झटकून लिहावं : 'अतिथीच्या अनपेक्षित आगमनाने यजमानाच्या गृहव्यवस्थेवर ताण निर्माण होऊन हास्यनिर्मिती होते, असे प्रस्तुत संशोधकास वाटते.' ज्या गृहस्थांनी पाली शिकवता शिकवता चिमणराव लिहिला, त्यांच्यावर मी चिमणराव वाचून पालीसारखं लिहीत होतो. चिमणरावाच्या प्रत्येक भानगडीत असणारा त्याचा मावसभाऊ गुंड्याभाऊ हा अतिथी धरायचा की कुटुंबीय, या प्रश्नावर माझं नि सरांचं एक अख्खं सत्र गेलं. शेवटी 'अर्ध-अतिथी' अशी संज्ञा तयार झाली. सरांच्या मते ते माझं मौलिक योगदान आहे. सर स्वतः एका उताऱ्याला खुदकन हसले होते. लगेच सावरून त्यांनी समासात लिहिलं, 'उतारा लांबला, कापा.'

राम गणेश गडकऱ्यांनी फर्ग्युसन कॉलेज अर्ध्यावर सोडलं. त्यांच्या जिवावर पुढे किती प्राध्यापकांच्या बढत्या झाल्या, यावर खरं तर एक प्रबंध व्हायला हवा. पण असो. तो विषय समितीत टिकणार नाही.

नियमाने मुदत सहा वर्षांची. पहिली तीन 'अजून खूप वेळ आहे' यात जातात. नंतरची दोन 'झाली का पीएच.डी.?' या प्रश्नाला चुकवण्यात. हा प्रश्न बारशाला विचारतात, लग्नात विचारतात आणि मयताला गेलो तर तिथेही, तिरडी बांधून होईपर्यंत वेळ असतो म्हणून, विचारतात. सासरेबुवा दर वेळी वेगळ्या शब्दांत विचारत : "ते तुमचं काय ते, चाललंय ना अजून?" शेवटच्या वर्षात मात्र माणूस खरोखर लिहितो. कारण दर सहा महिन्यांच्या प्रगती अहवालात 'काम समाधानकारक' हे वाक्य सरांनी इतके वेळा लिहिलेलं असतं, की आता काम नाही झालं तर अब्रू त्यांची जाते.

टंकलेखनाचं काम मी तहसील कचेरीसमोरच्या डीटीपीवाल्या ताईंकडे दिलं होतं. त्यांच्या टेबलावर डावीकडे प्रतिज्ञापत्रं, उजवीकडे लग्नपत्रिका आणि मधे मी. एकदा माझ्या दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' छापून आलं. विषय आतिथ्याचा असल्यामुळे सरांच्या ते लक्षातही आलं नाही.

प्रबंध पूर्ण टाइप झाला तेव्हा विद्यापीठाच्या ग्रंथालयात वाङ्मयचौर्याची तपासणी करायला गेलो. अहवाल आला : साम्य जवळजवळ शून्य. मी तिथल्या तिथे पेढे आणायला निघालो होतो. ग्रंथपाल म्हणाले, "सर, थांबा. हा मजकूर मराठी आहे, हेच मशीनला कळलेलं नाही."

ताईंचा फॉन्ट जुना होता. जुन्या फॉन्टमध्ये वरून मराठी दिसते, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. मशीनने माझे पावणेतीनशे पानांचे निष्कर्ष वाचले आणि असलं काही जगात कुणीच लिहिलेलं नाही, असा प्रामाणिक निर्वाळा दिला. मौलिकतेचं इतकं शुद्ध प्रमाणपत्र मला पुन्हा मिळालं नाही. आता सगळं युनिकोडमध्ये आणणं भाग होतं. रूपांतर एका क्लिकमध्ये होतं, असं सगळे सांगतात, आणि ते खरं आहे. क्लिक केल्यावर माझे मार्गदर्शक 'मागर्दशर्क' झाले, संदर्भ 'संदभर्' झाले आणि विनोदी गद्य 'वनिोदी' झालं. रफार पुढे पळालेले, पहिल्या वेलांट्या भलत्याच अक्षराला लटकलेल्या.

"आता?" मी विचारलं.

"आता वाचायचं," ताई म्हणाल्या. "ओळ न् ओळ."

त्यांनी वाचलं. पत्रिकांचा सीझन संपल्यावर, दुपारी, गिऱ्हाईक नसताना. हा प्रबंध अथपासून इतिपर्यंत वाचणारी पृथ्वीवरची ती पहिली व्यक्ती. मधूनच फोन यायचा, "सर, पान 112 वर तुम्ही 'बंडूनाना' म्हटलंय आणि पुढच्याच पानावर 'बंडोनाना'. एकच माणूस आहे की भाऊ?" सरांनी असा प्रश्न मला कधी विचारला नव्हता. सर थेट शेवटचं पान बघत आणि सही कुठे करायची ते विचारत.

दुसऱ्या तपासणीत मशीनला मराठी कळली आणि साम्य 31 टक्के आलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंत माफी असते, 40 पर्यंत प्रबंध सुधारून आणावा लागतो, 60 च्या वर नोंदणीच रद्द. मी हादरलो. चोरी कुणाकडून झाली, हे पाहिलं तर बहुतेक सगळी माझ्याचकडून. आमच्या वेळच्या नियमाप्रमाणे प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापलेला असावा लागे. तो मी छापला होता. आता तोच निबंध प्रबंधात सापडला, म्हणून मी पकडला गेलो. यावर तोड म्हणजे, या लेखकाने या लेखकाचं साहित्य या लेखकाच्या संमतीने वापरलं आहे, अशा अर्थाचा कागद. तो मी मलाच लिहून दिला आणि सरांनी खाली सही केली.

उरलेलं साम्य 'प्रस्तुत संशोधनातून असे निदर्शनास येते की' या जातीच्या वाक्यांचं होतं. सलग 14 शब्दांपर्यंतचा योगायोग नियमाला मान्य आहे. पण आमच्या क्षेत्रात 'वरील सर्व विवेचनावरून' सुरू झालेलं वाक्य 14 शब्दांत आटपणं अशक्य. उभ्या महाराष्ट्राने ते वाक्य एकमेकांकडून उसनं घेतलेलं आहे आणि मूळ मालक कोण, हे कुणालाच ठाऊक नाही.

एक गोष्ट मात्र नियमाने तपासणीतून वगळलेली आहे : ऋणनिर्देश. म्हणजे कृतज्ञता कुणाचीही, कितीही आणि कशीही उचलावी, आयोगाची हरकत नाही. ही सवलत लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

ऋणनिर्देश लिहिणं हेच खरं संशोधन. बाकी प्रबंधात एखादा संदर्भ सुटला तर कुणाचं काही जात नाही. इथे एखादा माणूस सुटला तर जन्माचं वैर. आधी मार्गदर्शक. मग विभागप्रमुख, मग प्राचार्य. मग संस्थेचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव आणि ज्यांचं पद नेमकं काय हे माहीत नाही, पण जे प्रत्येक फोटोत असतात ते. मग ग्रंथपाल, तीन शहरांतल्या ग्रंथालयांतले कर्मचारी, स्टाफरूममधले एकूण एक सहकारी (वगळलेला नेमका तोच वाचतो), ताई, झेरॉक्सवाला. आणि घरचे शेवटी, असा संकेतच आहे. त्याप्रमाणे मी लिहिलं : 'माझ्या वाटची दळणे आणणाऱ्या, गॅसचा नंबर लावणाऱ्या आणि "प्रबंध झाला की बघू" हे उत्तर न कंटाळता ऐकणाऱ्या माझ्या पत्नीच्या ऋणातच राहणे मला आवडेल.' वाक्य मला स्वतःला फार आवडलं. बायकोने वाचलं आणि फक्त एवढंच म्हणाली, "झेरॉक्सवाल्यानंतर?"

"अगं, तसा संकेत असतो."

"बरं," ती म्हणाली. या 'बरं'चा पुरवठा पुढे बरेच दिवस चालू होता.

बाइंडिंगवाल्याने शीर्षक मोजलं आणि मान हलवली. "साहेब, पाठीवर एवढं नाही मावत. एक तर शीर्षक कमी करा, नाहीतर पानं वाढवा." सरांना विचारलं तर म्हणाले, पानं वाढवा. शेवटी मरून रेग्झिनच्या पाठीवर 'मराठी विनोदी गद्यातील अतिथी' एवढंच सोनेरी अक्षरांत आलं, म्हणजे मी मुळात जे मागत होतो त्याच्या पुष्कळ जवळ. सोनं ओलं होतं. ज्यांनी ज्यांनी प्रबंध हातात घेतला, त्यांच्या बोटांना 'अतिथी' लागला.

विद्यापीठाच्या खिडकीवर पट्टी घेऊन समास मोजणारे एक गृहस्थ असतात. त्यांनी डावा समास मोजला, उजवा मोजला, आणि मग विचारलं, "सीडी?" माझ्या लॅपटॉपला सीडीची फट नाही. घरातल्या कुठल्याच यंत्राला नाही. एका फोटो स्टुडिओत, जुन्या लग्नांच्या गठ्ठ्यातून, कोऱ्या सीड्या मिळाल्या. त्यांवर प्रबंध चढवून, वर मार्करने नाव घालून पुन्हा खिडकीवर गेलो. गृहस्थांनी त्या ड्रॉवरमध्ये टाकल्या. ड्रॉवरमध्ये आधीच सीड्यांचा ढीग होता.

"कुणी बघतं का हो या?" मी विचारलं.

"बघायला मशीन कुठाय?" ते म्हणाले.

मग परीक्षकांचे अहवाल येईपर्यंतचा काळ. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, कारण त्यात काहीही घडत नाही. एक दिवस सरांचा फोन आला : मौखिकीची तारीख निघाली. बाहेरचे परीक्षक, अध्यक्ष आणि सर, तिघांनाही जमेल असा तो एकमेव दिवस. मी कॅलेंडर पाहिलं. संकष्टी.

इथून पुढे माझा आणि ज्ञानाचा संबंध संपला. सर म्हणाले, "प्रेझेंटेशनचं नंतर बघू. आधी व्यवस्था." बाहेरच्या परीक्षकांना मी भीत भीत फोन लावला.

"सर, काही विशेष आवडनिवड?"

"छे छे! मला काही लागत नाही. अगदी साधं."

'साधं' ऐकून मी निर्धास्त झालो, तोच पुढचं आलं. तेल कमी. तिखट नाही. पण अगदी मिळमिळीतही नको. खोली तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला नको, कमोड हवा. जाताना गाडी रात्रीची, बर्थ खालचा. आणि "सत्कार वगैरे बिलकुल नको. शाल असेलच तर गरम नको, उन्हाळा आहे."

सरांना विचारलं, पुष्पगुच्छ की पुस्तक? "पुस्तक. पण त्यांचं स्वतःचं नको, त्यांच्याकडे गठ्ठे पडलेत."

घरात वेगळीच समिती बसली. बायकोने कागद-पेन घेतलं. "उपवासाचे किती, बिनउपवासाचे किती, आणि उपवास आहे पण चहा-बिस्कीट चालतं असे किती?" तीन प्रकरणं आणि एक उपप्रकरण. पोहे आणि साबुदाण्याची खिचडी दोन्ही करायचं ठरलं. इतकी काटेकोर वर्गवारी माझ्या प्रबंधात कुठेच नाही.

मौखिकी खुली असते. कुणीही यावं, ऐकावं, विचारावं. मौज अशी, की खुल्या मौखिकीला यायला लोकांना आमंत्रण द्यावं लागतं, मग आग्रह करावा लागतो, मग गाडी पाठवावी लागते. "हॉल भरलेला दिसला पाहिजे," सर म्हणाले, "फोटो काढायचेत." हजेरीच्या बोलीवर मी प्रथम वर्षाचा वर्ग आणला. मेहुणा आला. ताई आल्या, त्यांचा शेवटचा हप्ता राहिला होता. माझा पुतण्या नेदरलँड्समध्ये लायडनला शिकतो. त्याला व्हिडिओ कॉलवर लावून फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला. तो आदल्या दिवशी सांगत होता, "काका, आमच्याकडे 45 मिनिटं झाली की काठी घेतलेला एक अधिकारी आत येतो आणि 'होरा एस्त' म्हणतो. म्हणजे वेळ संपली. उमेदवार वाक्याच्या मधे असला तरी तिथेच थांबायचं. निकाल लागेपर्यंत बसायला एक घाम गाळायची खोलीसुद्धा आहे, भिंतींवर सह्या करायच्या." मला ती खोली फार आवडली. आमच्याकडे घाम सभागृहातच गाळावा लागतो आणि सह्या इतरांच्या घ्याव्या लागतात.

मी स्लाइड दाखवल्या. तिसऱ्या स्लाइडला वीज गेली. आली तेव्हा सादरीकरण संपलं असं सरांनी जाहीर केलं.

मग परीक्षक बोलायला उभे राहिले. त्यांनी विचारलेला प्रश्न कोल्हटकरांपासून सुरू झाला, संतसाहित्यात गेला, त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेत थोडा रेंगाळला, आणि उत्तर बरोबर घेऊनच परत आला. मी "होय सर" म्हणालो. "अगदी बरोबर," ते म्हणाले. दुसऱ्या प्रश्नाला मी "आपण म्हणता ते खरंच आहे सर" असं सविस्तर उत्तर दिलं. वातावरण छान जमत होतं. तेवढ्यात त्यांनी प्रबंध शेवटून उघडला. संदर्भसूची चाळणाऱ्या परीक्षकाचं बोट कशाच्या शोधात असतं, हे आमच्या क्षेत्रात शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

"या विषयावर माझा एक लेख आहे," ते म्हणाले. "तो आपल्याला पाहायला मिळाला नसावा."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मागून आवाज आला, "आहे सर. पान 271, खालून चौथा."

ताई होत्या. परीक्षकांनी पान काढलं, चौथी ओळ पाहिली, आणि प्रबंध मिटून "अत्यंत परिश्रमपूर्वक केलेलं काम" असं म्हणून बसले. बोटांना लागलेलं सोनं त्यांनी रुमालाला पुसलं.

अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं आहे?" हा प्रश्न विचारताना अध्यक्ष उठू लागतात, असा रिवाज आहे. ते उठू लागले. पुन्हा मागून आवाज आला.

"मला एक शंका आहे, सर."

अध्यक्ष अर्धे उठलेले होते, तसेच राहिले.

"प्रकरण चारमध्ये तुम्ही लिहिलंय, मराठी विनोदात हसं होतं ते यजमानाचं," ताई म्हणाल्या. "आणि उपसंहारात लिहिलंय, पाहुण्याचं होतं. मी दोन्ही टाइप केलंय. नक्की कुणाचं होतं?"

सभागृहात शांतता. प्रथम वर्षाच्या मुलांनी पहिल्यांदाच मोबाइलमधून डोकं वर काढलं. सर छताकडे बघू लागले. परीक्षक उत्सुकतेने माझ्याकडे वळले, कारण हा प्रश्न त्यांनाही नवा होता. मी घसा खाकरला. "त्याचं असं आहे," मी म्हणालो, "हा प्रश्न दोन पातळ्यांवर पाहावा लागेल. पहिली पातळी..."

दार उघडलं. हातात ताटल्यांची चळत घेऊन कॉलेजचे शिपाई मामा दारात उभे होते.

"सर, पोहे गार होतायत."

बाटलीला टेकलेल्या फोनमधून पुतण्याचा आवाज आला, "होरा एस्त!"

परीक्षक उभे राहिले. "या मुद्द्यावर पुढील संशोधनाला भरपूर वाव आहे," असं म्हणून त्यांनी सही केली. सर्वानुमते पदवीची शिफारस झाली. टाळ्या वाजल्या की नाही, ते खुर्च्यांच्या आवाजात कळलं नाही.

प्रथम वर्षाच्या मुलांना संकष्टीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना खिचडी जास्त आवडली. अध्यक्ष कडक उपवासवाले. त्यांच्यापर्यंत ताटली पोचली तेव्हा तीत शेंगदाण्याचे काही दाणे आणि लिंबाची फोड होती. बायकोने पर्समधून दोन केळी काढली, ती त्यांनी खिडकीपाशी उभं राहून खाल्ली. बाहेरच्या परीक्षकांनी पोहे दोनदा घेतले आणि वर मिरची मागितली. ताई हप्ता मोजून घेऊन, नारळाच्या खोबऱ्याची तारीफ करून गेल्या. जाताना म्हणाल्या, "उत्तर सावकाश सांगा, सर."

आमच्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारा एक तरुण आहे. कायम नोकरी नाही म्हणून मुली सांगून येत नाहीत, म्हणून पीएच.डी. तरी करावी, असा त्याच्या आईचा हिशेब. माझ्यामागून त्याचाही प्रबंध झाला. घाईच्या दिवसांत त्याने माझा ऋणनिर्देश मागितला. मी दिला, नियमात बसतंच आहे. त्याने आपले मार्गदर्शक घातले, माझी संस्था काढली, माझे प्राचार्य, ग्रंथपाल, झेरॉक्सवाला सगळे काढले, आणि बाकीचं वाक्य इतकं चांगलं होतं की तसंच ठेवलं. पीएच.डी.चे प्रबंध गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट'च्या 'शोधगंगे'त कायमचे ठेवतात. तिथे आता हा सडाफटिंग गृहस्थ, मार्गदर्शकांच्या पाठोपाठ, आपल्या वाटची दळणं आणणाऱ्या आणि गॅसचा नंबर लावणाऱ्या पत्नीच्या ऋणात आहे. त्याच्या आईला ते कुणीतरी वाचून दाखवलं. "कोण आहे ती?" असं विचारत त्या माउली दोन दिवस जेवल्या नाहीत.

मी ही गंमत बायकोला सांगितली. ती हसली नाही. लॅपटॉप ओढून घेतला, पान उघडायला लावलं, आणि वाक्य सावकाश, बोट ठेवून वाचलं.

"या मुलाने मला दुसऱ्या नंबरवर घातलंय," ती म्हणाली. "त्याला रविवारी जेवायला बोलवा."